मालनच्या जिन्याचं माप

८ फेब्रुवारी १९८७

रीत लिहिल्याशिवाय मी पस्तीस वर्षांत कोणाला पूर्ण गुण दिले नाहीत. तेव्हा घरचा जिनाही तोंडी हिशेबावर करायचा नाही, असं ठरवून ही वही काढली. रोज लिहीनच असं नाही. काम होईल त्या दिवशी लिहीन.

हकीकत अशी. आमची एकुलती एक मुलगी मालन निर्मलला कचेरीत कारकून आहे. तिची आदिलाबादला बदली झाली असून ६ एप्रिलला इथे हजर व्हायचं आहे. तिचं पत्र आलं: "घरी राहायला मला आवडेल. पण तुम्ही मला वरची खोली देणार म्हणता आणि वर जायला शिडी आहे. जिना होत असेल तर कळवा, नाहीतर मी कुठे खोली बघते." मालन दोन वर्षांची असताना तिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असतो. शिडी तिच्याने होणार नाही, हे खरं.

दहावीनंतर ती वसतिगृहात गेली, मग नोकरी. सलग महिनाभर घरी राहिली त्याला तेरा वर्षं झाली. ती यावी असं मला फार वाटतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण बोलण्यात ते नीट येत नाही.

घराची मांडणी: पुढे रस्त्यावरची खोली. तिथे फळा आहे, माझ्या शिकवण्या चालतात आणि आलंगेलं बसतं. मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. मागे अंगणात नळ, न्हाणी आणि संडास. वर एकच खोली, तीन वर्षांपूर्वी बांधलेली, हवेशीर. जिना मधल्या खोलीतून वर जाईल. लाकूड घरात आहे. सागवानाच्या दोन फळ्या, सोळा फूट लांब, बारा इंच रुंद, दोन इंच जाड. वनखात्याच्या डेपोतून परवान्यावर मिळाल्या होत्या, तशा आता मिळत नाहीत. जिन्याच्या दोन्ही बाजूंना याच फळ्या तिरप्या लागणार, आणि पायऱ्या बसवायला त्यांत दात कापावे लागणार. एक दात चुकला की फळी गेली. फळी गेली की जिना गेला, आणि जिना नाही तर मालन नाही.

"तिले वरच काऊन पाठोता?" ताराबाईने विचारलं. ताराबाई म्हणजे माझी पत्नी. मी म्हटलं, वर निवांत आहे. कोणी आलं तरी तिला उठून आत जावं लागणार नाही. ती तांदूळ निवडत बसली.

१२ फेब्रुवारी

नागोराव सुतार आला. बैलगाड्यांचा जुना कारागीर. गाड्यांना रबरी टायर आल्यापासून चौकटी आणि दारं करतो. घरातला जिना त्याने आजवर एकच केला आहे. शिक्षण चौथीपर्यंत.

मी आकृती तयार ठेवली होती. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत बरोबर दहा फूट, म्हणजे एकशेवीस इंच. एक पायरी आठ इंचांची धरली तर पंधरा पायऱ्या. बाकी शून्य. शिवाय पंधरा ही विषम, म्हणजे शुभ संख्या, तेव्हा ताराबाईचीही हरकत असणार नाही. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने तिरप्या फळीची लांबी काढली, ती पंधरा फूट चार इंच आली. सोळा फुटांत बसते. मला माझी आकृती आवडली होती.

नागोरावने कागद सरळ धरून पाहिला, मग आडवा धरून पाहिला.

"आकृती चांगली हाय, मास्तर. पन चढनार कोन?"

"सगळेच."

"रोज कोन चढनार?"

म्हटलं, मालन.

"ताई पाय किती वर उचलते?"

मी आकृतीकडे पाहिलं. तिथे ते माप नव्हतं.

"कठडा कोनत्या हातानं धरते?"

"उजव्या," मी म्हटलं. सगळे उजव्याच हाताने धरतात. त्याने मान हलवली आणि विडी प्यायला अंगणात गेला. परत येऊन म्हणाला, "ताईले येऊ द्या. मंग पाहू."

मालन २२ तारखेला येणार, म्हणजे दहा दिवस फुकट. मला हे पसंत नाही.

२२ फेब्रुवारी

रविवार. मालन सकाळच्या बसने आली. नागोराव अर्ध्या अर्ध्या इंचाची फळकुटं घेऊन हजर होता. मधल्या खोलीत तो एकावर एक फळकूट रचणार, मालन त्यावर चढणार, उतरणार, मग आणखी एक फळकूट, असा प्रकार. मला वह्या तपासायच्या होत्या, म्हणून मी पुढच्या खोलीत बसलो. बुटाच्या पट्ट्या वाजत होत्या. नागोरावचं "आता?" आणि मालनचं "होते" ऐकू येत होतं. मधेच ताराबाई धरून तिघंही कशाला तरी हसले.

निकाल ताराबाईने आणून दिला. मालन आधी चांगला पाय वर ठेवते, मग डावा ओढून घेते. सहा इंचांपर्यंत तिला हे सहज जमतं. साडेसहाला डावा पाय हाताने धरून वर घ्यावा लागतो. सातला ती थांबते. आठचं फळकूट नागोरावने ठेवलंच नाही. कठडा ती चढताना डाव्या हाताने धरते आणि उतरतानाही डाव्याच हाताने. म्हणजे कठडा दोन्ही बाजूंना हवा. एकोणतीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर भेटायला आले. मालन मधल्या खोलीतच राहिली. कोणी आलं की ती आपण होऊन आत जाते, सांगावं लागत नाही. लहानपणापासून समजूतदार आहे. हेडमास्तरांनी विचारलं, मुलीचं कसं चाललंय? म्हटलं, ठीक. ती पलीकडच्याच खोलीत आहे, हे सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळच्या बसने ती परत गेली.

२४ फेब्रुवारी

सहा इंचांनी वीस पायऱ्या होतात. पाऊल ठेवायची जागा साडेनऊ इंच. तिरप्या फळीची लांबी अठरा फूट आली. आपल्याकडे सोळा. दोन फूट कमी.

जोड द्यावा का, विचारलं. नागोराव म्हणाला, "जोडलेल्या फळीवर मी बकरी चढवीन, ताईले नाही चढवत."

कालचा आणि आजचा अख्खा दिवस मी कागदावर घालवला. पायरीची रुंदी कमी करून पाहिली, तर मालनचं पाऊल बसत नाही. उंची वाढवली, तर सहा इंचांच्या पुढे जातं. शेवटी नागोराव कंटाळून म्हणाला, "मास्तर, जिना पयल्या पायरीपासून लाकडाचाच काऊन पाह्यजे?" मधल्या खोलीच्या कोपऱ्यात दगडाचा ओटा बांधायचा. त्याला बाजूने दगडी पायऱ्या, ओट्यासकट चार. ओट्यावरून वळून पुढे लाकडी जिना भिंतीच्या कडेने वर. फळी पुरते, आणि मालनला ओट्यावर थांबून दम घेता येतो.

सोपं होतं. मला सुचायला हवं होतं. कागदावर जिन्याखाली जमिनीची रेघ मीच आखली होती, आणि ती एकदा आखल्यावर हलवता येते हे डोक्यात आलं नाही.

२६ फेब्रुवारी

शेवटची पायरी लाभावर यावी म्हणून ताराबाईने पायऱ्या बोटांवर मोजल्या. लाभ, हानी, लाभ, हानी, करत करत विसावी हानीवर आली.

मी म्हटलं, विसावी ही पायरीच नव्हे, ती वरची जमीन आहे. पायऱ्या एकोणीसच. ती म्हणाली, "पाय ठेवता ना तिथं? मंग धरा." दगडाच्या कामाला बोलावलेला गवंडी तेलुगू माणूस. त्याला वाटलं आपल्यालाच विचारतात. त्यानेही "लाभम्, नष्टम्" करत वीस मोजले आणि मान नकारार्थी हलवली. दोन भाषांपुढे माझं काही चाललं नाही.

मी सुचवलं, वरच्या दाराला उंबरा घाला, म्हणजे एकवीस होतील. नागोराव म्हणाला, "उंबऱ्यात ताईचा बूट अडकन." मला पुन्हा बूट आठवला नव्हता. शेवटी जिन्याच्याच एकवीस पायऱ्या करायच्या ठरल्या. प्रत्येक पायरी सहा इंचांहून थोडी कमीच होईल, ते चांगलंच.

पण एकशेवीसला एकवीसने भागून पाहा. पाच इंच आणि पाच सप्तमांश. इंचाचे आठ सूत करून मोजलं तर पाच इंच, पाच सूत, आणि वर पुन्हा सुताचे पाच सप्तमांश. असलं माप पट्टीवर नसतं. सुताचा तुकडा पुरा करून सहा सूत धरले, तर वर पोचेपर्यंत पाऊण इंच जास्त होतो. तुकडा सोडून दिला तर वर जवळजवळ दोन इंच उरतात. दोन्हीकडून शेवटची पायरी वेगळी.

२ मार्च

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

नागोरावने एक सरळ पट्टी आणली आणि बरोबर जमिनीपासून जमिनीपर्यंतच्या उंचीची कापली. ती माझ्या टेबलावर आडवी ठेवली. मग एक मोठा लोखंडी कंपास घेतला, अंदाजाने उघडला आणि पट्टीवर एका टोकापासून पावलं टाकत चालवला. एकवीस पावलांत तो पट्टीबाहेर गेला. कंपास केसभर मिटला. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी अलीकडे राहिला. केसभर उघडला. सातव्या खेपेला एकविसावं पाऊल नेमकं टोकावर पडलं. मग त्याने स्क्रू आवळला आणि तेवीस वेळा "मले भागाकार येत नाही, मास्तर" म्हणणाऱ्या माणसाने पाच सप्तमांश पट्टीवर उतरवले.

बाकी उरलीच नाही. मी रात्री जेवताना ताराबाईला म्हटलं, हे शाळेत शिकवलं पाहिजे होतं. ती म्हणाली, "आता शिकवा. तुमच्याकडे पोरं येतेच." पण परीक्षेत कंपासाने भागाकार केलेला चालत नाही.

पट्टीवरच्या पहिल्या चार खुणा गवंड्याला दाखवल्या. त्याने त्या मापाने दगडकाम सुरू केलं.

७ मार्च

फळीवर आखणी. गुण्या म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी. तिच्या एका हातावर पायरीची उंची, दुसऱ्यावर पावलाची रुंदी, दोन्हीकडे चिमटे लावून मापं पक्की केली. मग गुण्या फळीच्या कडेने सरकवत एकेक दात आखायचा. तळाचा काप मी आखून दिला, कारण कोन काढणं हे माझं काम होतं. नागोरावने करवत हातात घेतली, फळीकडे पाहिलं आणि ती परत खाली ठेवली. पायरीची एक सुटी फळी आणून पहिल्या दाताच्या रेघेवर उभी धरली आणि म्हणाला, "मोजा."

सव्वासात इंच भरत होते, पाव सुताने कमी.

झालं असं की दातांवर पायरीची फळी बसणार, ती दीड इंच जाड. मधल्या सगळ्या पायऱ्या सारख्याच वर सरकतात, त्यामुळे त्यांच्यात फरक पडत नाही. पण ओट्यावरून पहिली पायरी दीड इंचाने उंच होते आणि सगळ्यांत वरची तेवढीच बुटकी. मी फळीची जाडी धरलीच नव्हती. कागदावरच्या रेघेला जाडी नसते.

"आता?" मी विचारलं.

"तळातून दीड इंच काढू. फळी अजून अख्खी हाय. भ्याचं काई नाही." मग म्हणाला, "सगळ्या पायऱ्या सारख्या असल्या तं पाय आपोआप चालते, पाहाव नाही लागत. एक येगळी असली की मानूस तिथंच पडते. आपून सावरतो. ताई नाही सावरत."

ही चूक वहीत घेतली आहे. मुलांच्या चुका मी लाल शाईने मांडत आलो, ही पण तशीच मांडली.

११ मार्च

पहिली फळी कापली. करवत रेघेच्या आतल्या अंगाने, कोपऱ्यात दोन बोटं अलीकडे थांबायचं, उरलेलं पटाशीने. कोपऱ्यापुढे करवत गेली तर फळी तिथून चिरते. सोळा दात. नवव्या दाताजवळ गाठ आली तेव्हा त्याने हात पुसले आणि ताराबाईकडे पाणी मागितलं. मग करवत पार गेली. गाठ निखळली नाही.

१५ मार्च

दुसरी फळी पहिलीवर ठेवून तिच्यावरूनच आखली आणि कापली. पुन्हा माप घ्यायचं नाही, असं नागोरावचं म्हणणं. दोनदा मोजलं की दोन मापं होतात. दोन्ही फळ्या उभ्या करून जोडीने लावल्या. दातांत दात. ताराबाईने त्यांना हळदकुंकू लावलं.

मालनला पत्र टाकलं: जिना पाडव्याला तयार.

२३ मार्च

फळ्या जागेवर चढल्या. वरच्या टोकाला आडव्या तुळईत खाच, खाली ओट्यावर लोखंडी पायाची पकड, एक फळी भिंतीला बोल्टने. पाण्याची नळी लावून दोन्ही फळ्यांचा प्रत्येक दात समोरासमोर पाहिला. बाहेरची फळी तळाशी एका सुताने खाली होती. तिथे पत्र्याची चकती दिली. नंतर सगळ्या सोळा पायऱ्या बसल्या आणि दोन्ही बाजूंना कठडे लागले.

मी एकविसाच्या एकवीस मोजल्या. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटकी यांत एका सुताचा फरक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढं समाधान मला कशात झालं नव्हतं.

काम संपल्यावर नागोराव पुढच्या खोलीत चहा घेत बसला होता. फळ्याकडे आणि बाकांकडे पाहून म्हणाला, "ही खोली मोठी हाय, मास्तर." म्हटलं, हो, वीस मुलं बसतात. त्याने बशी पालथी घातली आणि गेला.

३० मार्च

पाडवा. मालन काल संध्याकाळीच आली. सकाळी गुढी उभारून झाल्यावर ती जिन्यापाशी गेली. नागोराव धुतलेलं धोतर नेसून आला होता. आज वह्या तपासायच्या नव्हत्या, म्हणून मी तिथेच उभा राहिलो.

उजवा पाय, मग डावा. हात कठड्यावर, पायाला एकदाही लागला नाही. ओट्यावर ती थांबली ती दम लागला म्हणून नाही, दातांचे कोपरे बघायला. मग एका चालीने वर. खाली न बघता. एकविसावं पाऊल वरच्या जमिनीवर पडलं तेव्हा मी मोठ्याने "लाभ" म्हणालो आणि सगळे हसले. मालन वरून म्हणाली, "नागोरावदादा, आजवर मी जेवढे जिने चढले ते सगळे दुसऱ्यांसाठी केले होते." नागोरावने उपरण्याने तोंड पुसलं.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, पायऱ्या किती?"

"एकवीस."

"आन दिवसाच्या किती?"

मला प्रश्न कळला नाही.

"नळ खाली. न्हानी खाली. संडास खाली, जेवन खाली, कचेरीत जाले बी खालीच. सहा खेपा तं होतीनच. चढून उतरून एक खेप बेचाळीसची. मंग किती?"

"दोनशे बावन्न." उत्तर तोंडातून निघून गेलं.

"जिना लय चांगला झाला, बाबा. कधीमधी वर जाले. पन मी तिथं राहू नाही शकत." इथल्या कचेरीतल्या चंद्रभागाबाईंच्या घरी रस्त्यालगत खोली आहे, नळ दाराशी. रविवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे. "तुमी मनाले लावून घेऊ नका," असं ती दोनदा म्हणाली.

गुणाकार बरोबर आहे. मी पुन्हा करून पाहिला.

३१ मार्च

मालन सकाळी गेली. मी तिला सोडायला गेलो नाही. राग आला होता, तो लिहितो. दोन महिने त्या जिन्यात घातले. सागवान घातलं. सुताच्या फरकापर्यंत गेलो. एका ओळीत तिने शून्य गुण दिले.

हे ताराबाईला बोलून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "वरची खोली एवढी चांगली हाय तं तुमीच काऊन नाही जात?"

म्हटलं, माझ्या शिकवण्या आहेत. लोक येतात. पुढची खोली ही घराची बैठक आहे.

"हो ना. लोकं येते. ते आले की ती आत जाते. तिले कोनी सांगत नाही म्हनता. ती पाच वरसाची होती तवा तुमच्या शाळेचे साहेब आले होते. ती तुमच्या जवळ बसाले आली, तं तुमी तिले सांगतलं, आत जाय. तवापासून जाते."

मला आठवत नाही. पण ताराबाई खोटं बोलत नाही.

२ एप्रिल

आज प्रयोग केला. प्रत्येक कामाला वरून खाली आलो आणि परत वर गेलो. पाणी, दाढी, आंघोळ, चहा, वर्तमानपत्र. माझे दोन्ही पाय चांगले आहेत, वय एकसष्ट. चौथ्या खेपेला गुडघा बोलायला लागला. सहाव्या खेपेला ओट्यावर बसून राहिलो. ताराबाईने चहा तिथेच आणून दिला, चेष्टा केली नाही.

आणखी एक गोष्ट कळली. दुपारी मी वर असताना हेडमास्तर येऊन गेले. मला पत्ताच नाही. वर खालचं काही ऐकू येत नाही आणि वर कोणी आहे हे खाली कळत नाही. ही सोय मी मालनसाठी म्हणून मनात धरली होती. पहिल्या पानावर तसं लिहिलंही आहे. ते पान आज परत वाचलं आणि मला माझी लाज वाटली.

३ एप्रिल

मुलांना सांगितलं, उद्यापासून शिकवणी वर. फळा वर न्यायला नागोरावला बोलावलं. बाक वळणावर अडले तेव्हा त्यांचे पाय काढून नेले. त्याने कारण विचारलं नाही. पुढची खोली झाडून पुसून झाल्यावर तो दाराच्या उंबऱ्याकडे बघत उभा राहिला, मग करवत आणून त्याने तो कापून जमिनीबरोबर केला. ताराबाई अरे अरे करत होती. त्याने ऐकलं नाही.

४ एप्रिल

सकाळच्या बसने निर्मल. मालन सामान बांधत होती. खाट उभी करून ठेवली होती, म्हणून मी खिडकीत टेकलो.

सांगितलं की पुढची खोली रिकामी केली आहे. फळा वर गेला, मी वर शिकवीन. ती खोली तुझी.

"पुढची? रस्त्यावरची?"

"हो."

साड्यांच्या घड्या ट्रंकेत ठेवणं तिने थांबवलं नाही. "बाबा, ती बैठक हाय. दार उघडलं की पयली मीच दिसीन. हेडमास्तर येतीन, कोनी कोनी येतीन. मी उठून आत नाही जानार आता."

"नको जाऊ," मी म्हटलं.

"कोन हाय ही, असं विचारतीन."

"सांगेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी ताराबाईने सांगितलेली ती पाच वर्षांची असतानाची गोष्ट काढणार होतो, माफी मागणार होतो, बसमध्ये शब्दही जुळवले होते. ते आले नाहीत. तिने ट्रंकेचं झाकण लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "मंग ही तुमी घ्या. मले उचलत नाही." चंद्रभागाबाईंना नाही म्हणून कळवायची चिठ्ठी तिने लिहून पिशवीत घातली.

स्टँडवर गर्दी होती. मालन पुढे चालत होती, मी ट्रंक घेऊन मागे. पट्ट्या वाजत होत्या आणि लोक वळून तिच्या पायाकडे बघत होते. अशा वेळी मी नेहमी चार पावलं मागे राहतो, म्हणजे आम्ही बरोबर आहोत हे कळत नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला ते माहीत असणार. ट्रंक जड होती. तरी मी पावलं उचलली आणि तिच्या शेजारी येऊन चाललो.